पेक्षासर आणि रतनबाईंचं वय

आमच्या शाळेत बिभीषण सर गणित शिकवतात, पण कोल्हारात त्यांना त्या नावानं विचारलंत तर चार माणसं डोकं खाजवतील. पेक्षासर म्हणा, लहान पोरसुद्धा घरापर्यंत आणून सोडेल. नाव पडायचं कारण सोपं आहे. मुलांच्या उत्तरात 'पेक्षा' हा शब्द दिसला नाही की सर अस्वस्थ होतात. "बेरीज चाळीस आहे की चाळीसपेक्षा कमी आहे? दोन्ही एकच का?" हे ते इतक्या कळवळून विचारतात, की मुलाला वाटावं आपण सरांच्या घरातली एखादी वस्तू हरवली.

मी त्याच शाळेत चित्रकला शिकवतो. माझं नाव नितीन. सर आणि मी एकाच वर्षी लागलो, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. सर मूळचे खर्ड्याचे. त्यांच्या पत्नी वृषालीवहिनी जामखेडला नर्स आहेत, मुलगा तिकडंच कॉलेजात. सर शनिवारी दुपारी शाळा सुटली की गावाकडं जातात, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. मधले दिवस रतनबाईंच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहतात आणि जेवतात रतनबाईंच्याच स्वयंपाकघरात. रतनबाई भाकरी थापता थापता वाढतात, सर पुढ्यात बसून खातात. एकोणीस वर्षांत दोघांचं एकदाच बिनसलं. ते कसं बिनसलं तेच सांगायचं आहे.

सरांचा एक हट्ट आहे. पुस्तकातली शाब्दिक गणितं ते शिकवत नाहीत. 'तीन क्रमागत पूर्णांकांची बेरीज अमुकपेक्षा कमी आहे', असं पुस्तकात आलं की ते पुस्तक मिटतात. त्यांचं म्हणणं, ज्या संख्येला मालक नाही ती पोरांच्या डोक्यात टिकत नाही. म्हणून ते गावातला मालक शोधतात. एकदा त्यांनी बसस्टँडसमोरच्या तीन हातगाड्या घेतल्या. पहिल्या गाडीवर केळीच्या जेवढ्या फण्या, दुसरीवर त्याहून एक जास्त, तिसरीवर आणखी एक जास्त, तिन्ही मिळून चाळीसपेक्षा कमी. मुलं पडताळा घ्यायला खरंच गेली. हातात वही, कानावर पेन, गाड्यांसमोर उभं राहून मोजणी. आमचा नगर-मनमाड रस्ता रुंद व्हायचाच असतो, तो कधीही होऊ शकतो. गाडीवाल्यांना वाटलं सर्व्हे आला. पाच मिनिटांत तिन्ही गाड्या गायब झाल्या आणि गणित बिनउत्तराचं राहिलं.

दुसऱ्यांदा घोळ झाला तो फळ्यामुळं. गणितात जिथं दोन बाजू सारख्या नसतात, एक दुसरीपेक्षा कमी किंवा जास्त असते, त्याला असमानता म्हणतात. सरांनी एका रविवारी गावाकडं न जाता जादा तास ठेवला आणि फाटकाजवळच्या सूचनाफलकावर लिहिलं: 'असमानता. रविवारी सकाळी आठ वाजता. सर्वांनी वेळेवर यावे.' रविवारी सकाळी तिथं मुलांपेक्षा मोठी माणसं जास्त जमली. दोघं निवेदन टाइप करून आले होते. सरांनी कुणाला परत पाठवलं नाही. सगळ्यांना बाकावर बसवून दीड तास असमानता शिकवली, आणि निवेदनवाल्यांपैकी एकाला शेवटचं उदाहरण सुटलंसुद्धा.

आता रतनबाईंकडं येतो. रतनबाईंना दोन धाकट्या बहिणी, गजराबाई आणि ठकूबाई. तिघींची लग्नं कोल्हारातच झाली, तिघी एकाच गल्लीत राहतात. तिघींचा जन्म मार्गशीर्षातला. त्यांच्या आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं पोरींच्या वयाचा हिशेब चिंचोक्यांवर ठेवला होता. दर मार्गशीर्षात एकेका पोरीच्या नावानं एकेक चिंचोका पत्र्याच्या डब्यात टाकायचा. आई गेली तशी डबा ठकूबाईंकडं आला आणि रीत चालू राहिली. चिंचोके मात्र सगळे एकत्र, कुणाचे किती ते आता देवालाच ठाऊक.

गेल्या मार्गशीर्षात तिघी बहिणी रतनबाईंच्या ओट्यावर बसल्या होत्या. नवे तीन चिंचोके टाकून ठकूबाईंनी डबा पालथा केला आणि वीस-वीसचे ढीग लावले. दहा ढीग पुरे झाले, अकरावा भरेना. ठकूबाईंनी सुटे चिंचोके न मोजताच डब्यात लोटले आणि म्हणाल्या, "तिघींची मिळून अजून अकरा विसा भरत न्हाईत." रतनबाई म्हणाल्या, आपण तिघी पाठोपाठच्या, भरतील पुढल्या वरसाला. आत सर जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. अकरा विसा म्हणजे दोनशे वीस. तीन बहिणी, पाठोपाठच्या, बेरीज दोनशे वीसपेक्षा कमी. असं तयार गणित ताटात पडलेलं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला नंतर म्हणाले, त्या दिवशी आमटीत मीठ होतं की नव्हतं तेही आठवत नाही.

जानेवारीत नववीची चाचणी झाली. चौथा प्रश्न असा होता: 'एका गल्लीत तीन बहिणी राहतात. त्यांची वये क्रमागत पूर्णांकांत आहेत. वयांची बेरीज २२० पेक्षा कमी आहे. तर थोरल्या बहिणीचे वय जास्तीत जास्त किती?' नावं घातली नव्हती. सरांना वाटलं, नावं नाहीत म्हणजे झालं.

गणित अवघड नाही. धाकटीचं वय क्ष धरायचं. मधली क्ष अधिक एक, थोरली क्ष अधिक दोन. तिन्ही मिळून तीन क्ष अधिक तीन, आणि हे दोनशे वीसपेक्षा कमी. दोन्हीकडून तीन काढले की तीन क्ष दोनशे सतरापेक्षा कमी. तीननं भागलं की क्ष बहात्तर पूर्णांक एक तृतीयांशपेक्षा कमी. वय पूर्ण वर्षांत धरलंय, म्हणून क्ष जास्तीत जास्त बहात्तर आणि थोरली चौऱ्याहत्तर. अर्ध्या वर्गाला पूर्णांकाचं भान राहिलं नाही. एका मुलानं उत्तर लिहिलं, 'थोरली बहीण ७४ वर्षे ४ महिने.' सरांनी त्यावर लाल पेनानं विचारलं, 'दिवस किती?'

ज्या मुलांचं उत्तर बरोबर आलं त्यात रोहिणी पहिली. रोहिणीचे वडील सूर्यभान एसटीत कंडक्टर आहेत आणि श्रीरामपूरच्या गाडीवर असतात. रोहिणीनं घरी जेवताना गणित सांगितलं. कोल्हारात तीन बहिणी एकाच गल्लीत राहणाऱ्या कोण, हे सूर्यभानला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट असते हे कंडक्टरपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार.

गुरुवारी रतनबाई पुणतांब्याला लेकीकडं निघाल्या. श्रीरामपूरच्या गाडीत बसल्या आणि नेहमीसारखं आधार कार्ड पुढं केलं. कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी एकोणीसशे सत्तेचाळीस. आमच्याकडं त्या पिढीतली निम्मी माणसं एक जानेवारीलाच जन्मली आहेत. कार्ड काढताना वय विचारलं, कुणीतरी अंदाज सांगितला, समोरच्यानं तो भरला. सूर्यभाननं कार्ड पाहिलं, फुकटचं तिकीट फाडलं आणि गंमत म्हणून बोलून गेला, "मावशी, कार्डानं तुम्ही अठ्ठ्याहत्तरच्या, पण नववीच्या गणितानं जास्तीत जास्त चौऱ्याहत्तर. आता मी कुणाचं ऐकू?"

गाडी खच्चून भरलेली. आधी पुढची दोन बाकडी हसली, मग मागं विचारणा झाली की काय झालं, मग मागची हसली. रतनबाईंनी सूर्यभानला एकच विचारलं, हे गणित कुणाचं. उत्तर मिळताच त्या पुढच्या थांब्याला उतरल्या आणि परतीच्या गाडीनं घरी आल्या. त्या गाडीत त्यांनी तिकीट काढलं, पुरं. बायकांना अर्धं असतं, तेही नको म्हणाल्या.

त्या दिवशी सर जेवायला खाली आले तर चूल थंड. ताटाच्या जागी आधार कार्ड ठेवलेलं. रतनबाई पाठ करून गहू निवडत होत्या. सरांनी विचारलं, "मावशी, बरं नाही का?" रतनबाई म्हणाल्या, "चौऱ्याहत्तरच्या बाईला सैपाक जमत न्हाई. कुणी अठ्ठ्याहत्तरची बघा."

शनिवारी गावाकडं जाईपर्यंत सर माझ्याकडं जेवले. माझ्या बायकोची तक्रार नव्हती. माझी होती, कारण सर जेवताना दुसरं काही बोलत नव्हते. त्यांना बोलणी खाल्ल्याचं दुःख नव्हतं. त्यांना एकच गोष्ट छळत होती. गणित बरोबर होतं. प्रत्येक पायरी त्यांनी माझ्यासमोर चार वेळा तपासली, एकदा तर पापडावर बोटानं. "यात चूक कुठाय, नितीन? दाखवा मला," असं म्हणायचे. मी म्हणालो, चूक गणितात नसेल, प्रश्नपत्रिका गावातच छापली हीच असेल. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी आमटी वाढायला उठलो.

सोमवारी दुसऱ्या तासाला मी व्हरांड्यातून जात होतो. नववीच्या वर्गाच्या दारात रतनबाई उभ्या होत्या, नऊवारीचा पदर खोचलेला. सोबत हनुमंत. हनुमंत आमच्या शाळेचा निवृत्त शिपाई, रतनबाईंच्या माहेरच्या शेजारचा, त्यांना थोरली बहीण मानणारा. मी तिथंच थांबलो. चित्रकलेच्या तासाला उशीर झाला तरी कुणाचं अडत नाही.

रतनबाई आत गेल्या आणि पहिल्या बाकावर बसल्या. रोहिणीला थोडं सरकावं लागलं. त्यांनी सरांना शांतपणे सांगितलं की तुमचं गणित मला समजून घ्यायचं आहे, पोरांना शिकवता तसं शिकवा. खडू हातात आला की सर सावरतात. त्यांनी फळ्यावर तीन गोल काढले. पहिल्यात ठकूबाई क्ष, दुसऱ्यात गजराबाई क्ष अधिक एक, तिसऱ्यात रतनबाई क्ष अधिक दोन.

"थांबा," रतनबाई म्हणाल्या. "हे येक कशाचं?"

"एका वर्षाचं, मावशी. तुम्हीच म्हणालात, तिघी पाठोपाठच्या."

"पाठोपाठच्या म्हंजे येकीच्या पाठीवर दुसरी. मधी पोर न्हाई. वरीस कोन म्हनलं?" त्या वर्गाकडं वळून म्हणाल्या, "आमच्या आईनं येकेकीला दोन-दोन वरसं अंगावर पाजलं. दोन वरसांचं अंतर हाय आमच्यात. वरसाला येक व्हायला आमी काय शेळीची करडं हाय?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते फळ्याकडं बघत उभे राहिले आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला. चार दिवस ज्या चुकीला ते शोधत होते ती सापडली होती. ती गणिताच्या आधीच, मराठीत झाली होती. ते रतनबाईंच्या जवळजवळ पाया पडायला वाकले, मग शिक्षक असल्याचं आठवून खडू उचलल्यासारखं केलं.

"पुसा," ते मुलांना म्हणाले. "सगळ्यांनी पुसा. अंतर दोनचं. रोहिणी, ये, तू कर."

रोहिणी फळ्यापाशी गेली. धाकटी क्ष, मधली क्ष अधिक दोन, थोरली क्ष अधिक चार. बेरीज तीन क्ष अधिक सहा, दोनशे वीसपेक्षा कमी. म्हणून तीन क्ष दोनशे चौदापेक्षा कमी आणि क्ष एकाहत्तर पूर्णांक एक तृतीयांशपेक्षा कमी. "ठकूआजी जास्तीत जास्त एकाहत्तर, गजराआजी त्र्याहत्तर, आणि रतनआजी," तिनं मागं वळून पाहिलं, "जास्तीत जास्त पंच्याहत्तर."

रतनबाईंनी हनुमंताकडं विजयानं पाहिलं. हनुमंत टाळी वाजवणार होता, पण सरांनी हात वर केला. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर इथं थांबला असता आणि त्याच दुपारी भाकरी खायला गेला असता. सर म्हणाले, "मावशी, हे जास्तीत जास्त आहे. म्हणजे पंच्याहत्तरपेक्षा जास्त नाही. कमी असू शकतं. सत्तर, एकाहत्तर, काही पण. नुसत्या ह्यावरून पंच्याहत्तर म्हणता येत नाही."

मी दारात कपाळावर हात मारला. रतनबाई उठायच्या बेतात होत्या. पण त्या बसल्या, बोटानं बाकावर काहीतरी रेघोट्या मारल्या, आणि त्यांनी विचारलं, म्हणजे वरून झाकण लागलंय, खालून बूड लागलं न्हाई, असंच ना? सर म्हणाले, "अगदी हेच." मला खात्री आहे, एकोणीस वर्षांत त्यांच्या वर्गात हे इतकं चटकन कुणाला उमगलं नव्हतं. सरांनी विचारलं, ठकूबाई निदान किती वर्षांच्या, हे पक्कं सांगता येईल असं काही आहे का? त्यांना शाळेत घातलं होतं का, कुठं नोंद आहे का?

रतनबाईंच्या गल्लीतला एक मुलगा उठून म्हणाला, डबा आणून चिंचोके मोजले तर? सरांचा चेहरा असा पडला, की मुलगा आपणहून खाली बसला. तेवढ्यात रतनबाईंनीच सांगितलं की मार्गशीर्षाखेरीज डबा उघडत नाहीत, आणि सरांना पुन्हा रंग आला.

मग रतनबाईंनी हनुमंताला उभं केलं. "हेला किती वरसं झाली ते तुमच्या हापिसात लिव्हलंय."

ते खरं होतं. हनुमंताचा जन्म दवाखान्यातला, सेवापुस्तकात तारीख पक्की. नुकत्याच झालेल्या संक्रांतीला त्यानं सत्तर पूर्ण केली, आम्ही स्टाफनं पेढे खाल्ले होते.

"हेच्या बारशाला मी गेल्ते," रतनबाई म्हणाल्या. "ठकी माझं बोट धरून चालत आली. पाळन्याखाली गेली आन् हेचा अंगठा चावली."

हनुमंतानं डाव्या पायाचा अंगठा वर केला. सत्तर वर्षांनी त्यावर काय दिसणार, पण मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उभी राहून बघून गेली.

सरांनी वर्गाला विचारलं, बोट धरून लांब चालत येणारं मूल किती वर्षांचं? मुली म्हणाल्या, वर्षाचं तरी. मुलांनी घरच्या भावंडांची नावं घेऊन वाद घातला, मग तेही मान्य झाले. म्हणजे ठकूबाई हनुमंतापेक्षा निदान एका वर्षानं मोठ्या. हनुमंत सत्तर पूर्ण, म्हणून ठकूबाई एकाहत्तरपेक्षा कमी नाहीत. सरांनी फळ्यावर क्ष लिहिला. त्याच्या उजवीकडं एकाहत्तर पूर्णांक एक तृतीयांश, डावीकडं एकाहत्तर. क्ष मधे असा चेपून बसला होता की त्याला हलायला जागा नव्हती.

"एकाहत्तर धरून ह्या दोहोंत पूर्णांक किती?" सरांनी विचारलं.

"एकच," सगळा वर्ग म्हणाला.

ठकूबाई एकाहत्तर. गजराबाई त्र्याहत्तर. रतनबाई पंच्याहत्तर, कमी नाही, जास्त नाही. सरांनी बेरीज करून दाखवली, दोनशे एकोणीस. अकरावा ढीग एका चिंचोक्यानं अडला होता.

मी दारातून टाळ्या वाजवल्या तेव्हा मुख्याध्यापक व्हरांड्यात येऊन उभे होते. त्यांना वाटलं तपासणीला कुणी आलंय, म्हणून त्यांनीही वाजवल्या.

तेवढ्यात रोहिणीनं हात वर केला. कंडक्टरची मुलगी, तिचा हिशेब तिथं थांबणं शक्यच नव्हतं. ती म्हणाली, "सर, आजींना पंच्याहत्तर या मार्गशीर्षात पूर्ण झाली. पण त्या फुकट तर अडीच वर्षांपासून..."

सर तिला मधेच अडवून म्हणाले, "प्रश्नात विचारलंय तेवढंच उत्तर लिहायचं, रोहिणी. जादा लिहिलं तर गुण कापतो." एकोणीस वर्षांत त्यांनी जादा लिहिल्याबद्दल कुणाचा अर्धा गुणही कापलेला नाही. रोहिणी खाली बसली. रतनबाईंना ऐकू गेलं नसावं असं मला त्या वेळी वाटलं. पण पुढच्या गुरुवारी त्यांनी सूर्यभानसाठी वाटीभर शेंगदाण्याची चटणी नेली, आणि तीही कशाबद्दल म्हणून सांगितलं नाही. त्यानं विचारलं नाही. कार्ड पाहिल्यासारखं करून तिकीट फाडलं.

त्या सोमवारी दुपारी चूल पेटली. सर जेवायला बसले तेव्हा रतनबाईंनी अट घातली की इथून पुढं माझ्या घरातलं गणित मला विचारल्याशिवाय शाळेत जायचं नाही. सरांनी कबूल केलं. मग तव्यावरची भाकरी उलटून त्या म्हणाल्या, विचारायचंच असलं तर येकादं मीच सांगीन.

सर एवढ्यावरही खूश होते, कारण त्यांना ते नुसतं बोलणं वाटलं. शनिवारी सकाळी शाळा भरली तेव्हा रतनबाई पहिल्या बाकावर येऊन बसल्या होत्या. रोहिणी आपणहून सरकली. रतनबाईंनी गणित सांगितलं आणि रोहिणीनं ते फळ्यावर लिहून घेतलं. एका घरात एक भाडेकरू आहे. तो लागोपाठ तीन दिवस रोज एकेक भाकरी जास्त खात गेला. तिन्ही दिवसांच्या मिळून बारापेक्षा कमी. तर तिसऱ्या दिवशी जास्तीत जास्त किती?

वर्गानं खाली मान घालून सोडवायला घेतलं. सर खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले. त्यांचे कान लाल झालेले मला व्हरांड्यातूनसुद्धा दिसत होते. मुलांचं उत्तर आलं, चार.

रतनबाईंनी सरांना विचारलं, बरुबर हाय का?

सर खिडकीतूनच म्हणाले, "बरोबर आहे. पण जास्तीत जास्त."